उतरलेली पट्टी आणि न उतरलेली अपेक्षा

१/
सध्या एका विशिष्ट प्रकारची चित्रफीत वारंवार समोर येते. डाव्या चौकटीत सत्तरच्या दशकातला लांब केसांचा तरुण गायक, तार सप्तकातला स्वर लीलया लावणारा. उजव्या चौकटीत तोच गायक पंचाहत्तरीत, त्याच ओळीपाशी दमलेला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आपण इतिहासप्रेमी मंडळी; तेव्हा हसण्याआधी एक प्रश्न विचारू. ही तुलना मुळात न्याय्य आहे का? आजचा धागा रॉक संगीतातल्या वृद्ध गायकांविषयी, आणि त्यांच्याकडून आपण बाळगलेल्या अपेक्षांविषयी.

२/
माझे मत आधीच सांगून टाकतो. वयोमानानुसार पट्टी उतरवून गाणे ही हार नव्हे. वरच्या स्वरावर आवाज फाटला तरी तीही लाजेची गोष्ट नव्हे. लाजेची गोष्ट एकच: गात असल्याचे सोंग करणे. आणि या सोंगाला गायकाइतकाच श्रोताही जबाबदार असतो, कारण जुनाच आवाज पुन्हा ऐकण्याचा हट्ट त्याचा असतो. मत पटो वा न पटो, त्यामागची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

३/
प्रथम शरीराचे गणित. स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषात जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. स्त्रीमध्ये त्याहून कमी. रॉकमधला पुरुष गायक ज्या उंच स्वरांवर गाण्याचा कळस चढवतो, तिथे हे तंतू सेकंदाला ४४० ते ५०० वेळा एकमेकांवर आपटतात. सरासरी ३०० कंपने धरली, तरी तासाभराच्या प्रत्यक्ष गायनात ही संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. दौऱ्यावर असे कार्यक्रम आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने.

४/
वय वाढते तशा स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होत जातात. त्यांच्या काही भागाचे तर हाड बनते. तंतूंमधला स्नायू बारीक होतो, लवचिकता घटते, दोन्ही तंतू नीट मिटत नाहीत आणि फटीतून हवा निसटते. फुप्फुसांची क्षमता घटल्याने दमसास तोकडा पडतो. स्त्रियांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर बहुधा खाली उतरतो. रियाजाने आणि पथ्याने हा ऱ्हास लांबवता येतो, टाळता येत नाही. वरचा स्वर हरपण्यामागे आळस असतोच असे नाही; बहुतेक वेळा ते केवळ वय असते.

५/
आपल्याकडच्या ख्यालगायकाला ही अडचण इतकी छळत नाही. त्याचा षड्ज तो स्वतः ठरवतो. काळी दोन जड जाऊ लागली की काळी एक धरतो. तंबोरा नव्याने जुळतो आणि श्रोत्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. रागाला पट्टीचे बंधन नाही. रॉकच्या गायकाला मात्र ही मोकळीक सहजी मिळत नाही. त्याची दोन कारणे आहेत: एक वाद्यातले, दुसरे आपल्या डोक्यातले.

६/
वाद्यातले कारण म्हणजे गिटार. तिच्या सहा तारा ठरावीक स्वरांत लावलेल्या असतात आणि रॉकमधली कित्येक गाणी मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारांच्या नादावर उभी असतात. नुसती पट्टी बदलली की तो नाद मोडतो. म्हणून सगळ्या ताराच सैल करून खाली लावाव्या लागतात, कधी जाड तारा चढवाव्या लागतात, निरनिराळ्या पट्ट्यांत लावलेल्या अनेक गिटारी सोबत बाळगाव्या लागतात. एवढा खटाटोप केल्यावर पट्टी अर्धा वा एक स्वर खाली येते. बहुतेक श्रोत्यांना ते कळतही नाही. गळ्याला मात्र तेवढ्याने मोठा आधार मिळतो.

७/
दुसरे कारण ध्वनिमुद्रिका. पंचविशीतल्या तरुणाचा सर्वोत्तम स्वर, कित्येक प्रयत्नांतून निवडलेला, कधी तुकड्यातुकड्यांनी जोडलेला, एकदा मुद्रित झाला की कायमचा गोठतो. आपण तो हजार वेळा ऐकतो आणि तेच गाण्याचे मूळ रूप मानतो. पुढची पन्नास वर्षे त्या गायकाची स्पर्धा इतर कोणाशी नसते; ती स्वतःच्याच तरुण प्रतिमेशी असते. ही प्रतिमा कधी दमत नाही, कधी आजारी पडत नाही.

८/
गंमत अशी, की या प्रतिमेशी बरोबरी तरुणांनाही साधत नव्हती. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आपल्या सर्वांचा लाडका. त्याच्या गळ्यात गाठी होत्या आणि शस्त्रक्रिया त्याने टाळली. क्वीनच्या ऐन भरातल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे ऐका: ध्वनिमुद्रिकेवरचे कित्येक उंच स्वर तो रंगमंचावर घेत नसे. चाल तिथल्या तिथे खाली वळवी, आणि सर्वांत वरची टीप बहुधा ड्रमवादक रॉजर टेलर घेई. तेव्हा फ्रेडी तिशीत होता. १९९१ मध्ये तो ४५ व्या वर्षी गेला, म्हणून त्याच्या म्हातारपणाची चित्रफीत निघाली नाही, इतकेच.

९/
क्वीननेच दुसरा धडाही घालून दिला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यातला ऑपेराच्या धर्तीचा मधला भाग स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवून रचलेला. रंगमंचावर तो चौघांना गाता येणे अशक्यच. मग ते काय करीत? तो भाग टेपवरून वाजू देत आणि स्वतः रंगमंचावरून निघून जात. गाण्याचा पुढचा भाग सुरू झाला की परतत. टेप होती, सोंग नव्हते. ध्वनिमुद्रण वापरणे आणि ध्वनिमुद्रणाआड लपणे यांतला फरक याहून स्पष्ट करता येणार नाही.

१०/
आता काळाच्या मागण्या कशा वाढत गेल्या ते पाहू. १५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कचे शे स्टेडियम, सुमारे ५५ हजार श्रोते. बीटल्सनी त्या दिवशी १२ गाणी म्हटली. कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपला. किंचाळ्यांच्या गदारोळात त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता, कारण गायकाकडे तोंड करून ठेवलेले ध्वनिक्षेपक तेव्हा रूढ झालेले नव्हते. वर्षभरातच, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी दौरे कायमचे थांबवले. त्या वेळी त्यांच्यातला सर्वांत थोरला सव्वीस वर्षांचा होता.

११/
त्याच चौघांतला पॉल मॅकार्टनी २५ जून २०२२ रोजी ग्लास्टनबरीच्या महोत्सवात उभा राहिला. ऐंशी वर्षे पूर्ण होऊन आठवडा झालेला. कार्यक्रम चालला अडीच तासांहून अधिक. तेविसाव्या वर्षी अर्धा तास, ऐंशीव्या वर्षी अडीच तास! आवाज जागोजागी विरला, वरचे स्वर घासले गेले. त्याने ते झाकले नाही. जॉन लेननचा आवाज १९६९ च्या चित्रीकरणातून वेगळा काढून पडद्यावर त्याची प्रतिमा दाखवत दोघांचे युगुलगीत झाले, तेही सर्वांच्या डोळ्यांदेखत. इथेही टेप होती, सोंग नव्हते.

१२/
तरुणपणी अर्धा तास पुरत होता, मग म्हातारपणी अडीच तास कशासाठी? एक उत्तर अर्थकारणात आहे. पूर्वी दौरा हा ध्वनिमुद्रिका खपवण्याचा मार्ग होता. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, गाणी फुकट फिरू लागली आणि पुढच्या पंधरा वर्षांत अमेरिकेतले ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न निम्म्याच्याही खाली घसरले. व्यवहार उलटा झाला: ध्वनिमुद्रिका हे निमित्त, उत्पन्न तिकिटांचे. तिकीट महागले तशी श्रोत्याची मागणीही फुगली. आणि एका गायकामागे वादक, तंत्रज्ञ, मालमोटारींचे चालक अशा कित्येकांची चूल पेटत असल्याने थांबणे अधिकच अवघड झाले.

१३/
लेनर्ड कोहेनचे उदाहरण घ्या. म्हातारपणाची पुंजी अपहारात गेली आणि २००८ मध्ये, ७३ व्या वर्षी, त्याला पुन्हा दौऱ्यावर निघावे लागले. त्याचा आवाज तोवर कमालीचा खाली गेला होता. त्याने त्याविरुद्ध झगडा मांडला नाही. सहगायिकांकडे उंच स्वर सोपवले आणि स्वतः खर्जात, जवळजवळ बोलल्यासारखा गायला. २००९ मध्ये व्हॅलेन्सियाच्या रंगमंचावर तो चक्कर येऊन पडला, तरी दौरे २०१३ पर्यंत चालले. नाइलाजाने सुरू झालेला हा काळ त्याच्या चाहत्यांना आज सर्वांत समृद्ध वाटतो.

१४/
सर्वांना मात्र खर्ज मानवत नाही. १९८६ मध्ये बॉन जोव्हीचे ‘लिव्हिन’ ऑन अ प्रेयर’ आले. शेवटी त्याची पट्टी अचानक तीन अर्धस्वरांनी वर उडी घेते. तोच त्या गाण्याचा प्राण. जॉन बॉन जोव्ही तेव्हा चोविशीत होता. चोविशीत मारलेली ती उडी त्याला पुढे दर कार्यक्रमात, दर रात्री मारावी लागली. २०२२ च्या दौऱ्यात आवाज साथ देईनासा झाला. तपासणीत एक स्वरतंतू क्षीण झाल्याचे आढळले आणि त्याला आधार देणारी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरची सावरण्याची धडपड त्याने २०२४ च्या माहितीपटात उघडपणे चित्रित होऊ दिली.

१५/
स्टीव्हन टायलरच्या वाट्याला तेवढाही अवसर आला नाही. एरोस्मिथच्या निरोपाच्या दौऱ्यातला तिसराच कार्यक्रम, ९ सप्टेंबर २०२३, वय ७५. त्या रात्री त्याच्या स्वरयंत्राला इजा झाली. पुढे तपासणीत ते फ्रॅक्चर असल्याचे निष्पन्न झाले. वर्षभराच्या उपचारांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, पूर्ण बरे होणे शक्य नसल्याचे सांगून संघाने दौरे कायमचे संपवले. उंच किंचाळी हीच ज्याची ओळख, त्याच्या गळ्यावर पन्नास वर्षांचे ओझे कसे साचले असेल याची कल्पना यावरून यावी.

१६/
वय एकच असूनही प्रश्न किती निराळे असतात, पाहा. ७ एप्रिल २००३ रोजी रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर गायले, तेव्हा मिक जॅगर ५९ वर्षांचा होता. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये लेड झेपेलिन पुन्हा एकत्र आले, तेव्हा रॉबर्ट प्लांटही ५९ वर्षांचाच. जॅगरची गाणी बोलण्याच्या आवाजाजवळची. त्याची कसोटी पायांची आणि दमाची. २०१९ मध्ये हृदयाच्या झडपेवर उपचार होऊन काही आठवड्यांतच तो पुन्हा मंचावर धावत होता. प्लांटची कीर्ती मात्र अति-उंच स्वरांवर उभी. त्याला धावून भागणार नव्हते.

१७/
त्या रात्री लंडनमध्ये काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली उतरवली गेली आणि कार्यक्रम अविस्मरणीय ठरला. जगभरातून दौऱ्याची मागणी झाली, अमाप पैसा समोर होता. प्लांटने नकार दिला. त्या सुमारास अ‍ॅलिसन क्राऊसबरोबरची त्याची शांत, संयत गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली होती. २००९ मध्ये तिला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. रूप बदलून पाहण्याची ही वृत्ती त्याच्यात जुनीच. १९७२ मध्ये जिमी पेजसह तो मुंबईत आला होता आणि इथल्या वादकांना घेऊन त्याने स्वतःचीच दोन गाणी नव्या अंगाने ध्वनिमुद्रित केली होती.

१८/
एल्टन जॉनची गोष्ट वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावी. त्याचा आवाज वयाआधीच बदलला. १९८६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो बसलेल्या घशानेच गात राहिला आणि जानेवारी १९८७ मध्ये त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. तरुणपणीचा पातळ, उंच स्वर गेला. भरदार, खालचा आवाज आला. त्यानंतर छत्तीस वर्षे तो त्याच आवाजात गायला. निरोपाच्या दौऱ्यातच २०१८ ते २०२३ या काळात ३३० कार्यक्रम झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑकलंडला न्यूमोनियाने आवाज पूर्ण गेला तेव्हा तो रडला, श्रोत्यांची क्षमा मागितली आणि आधार घेत मंचावरून उतरला. टेप लावली नाही.

१९/
जोनी मिचेलने ‘बोथ साइड्स नाउ’ लिहिले ते विशीत. आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहून झाल्याचे सांगणारे गाणे, विशीतल्या मुलीच्या उंच, निर्मळ आवाजात. २००० मध्ये तिने ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले. आवाज कितीतरी खाली आणि धुरकट झालेला. २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने तिला चालणे-बोलणेही नव्याने शिकावे लागले. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात, ७८ व्या वर्षी, तिने खुर्चीत बसून तेच गाणे म्हटले. तिन्ही एकापाठोपाठ ऐका. मला तरी शेवटचे सर्वांत खरे वाटते. त्या शब्दांना साजेसे वय गायिकेला अखेर आले होते.

२०/
खुर्चीचीही एक परंपराच तयार झाली आहे. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे फिल कॉलिन्सच्या हातात ड्रमच्या काड्या ठरेनात. जेनेसिसच्या अखेरच्या दौऱ्यात तो बसून गायला आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा होता. २६ मार्च २०२२ ला लंडनमध्ये तो दौरा संपला. ५ जुलै २०२५ रोजी पार्किन्सनग्रस्त ऑझी ऑस्बॉर्नने बर्मिंगहॅममध्ये, आपल्या जन्मभूमीत, सिंहासनवजा आसनावर बसून निरोप घेतला. सतरा दिवसांनी तो गेला. त्या सायंकाळी त्याचे स्वर मोजत बसणारा श्रोता तिथे कोणी असेल असे वाटत नाही.

२१/
यावरचा आक्षेप मला मान्य आहे. एवढे महाग तिकीट काढणाऱ्याने चांगले गाणे का मागू नये? आणि झेपत नसेल तर थांबावे की. टीना टर्नर थांबलीच ना! मे २००९ मध्ये, ६९ व्या वर्षी, शेफील्डचा कार्यक्रम करून तिने दौरे संपवले आणि पुन्हा मागे वळून पाहिले नाही. तो निर्णय मला थोर वाटतो. पण थांबण्याचा हक्क गायकाचा आहे. तो श्रोत्याने बजावायचा आदेश नव्हे. श्रोत्याचा हक्क खऱ्या गाण्यावर आहे. तिकीट आजच्या कार्यक्रमाचे असते, १९७३ च्या नव्हे.

२२/
तरीही १९७३ च हवे असेल, तर बाजार तेही पुरवू लागला आहे. मे २०२२ पासून लंडनमध्ये ‘आबा’ या पॉप चमूचे संगणकनिर्मित अवतार १९७९ च्या रूपात गात-नाचत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये किस या रॉक चमूने आपल्या अखेरच्या कार्यक्रमाच्या शेवटी स्वतःचे असेच अवतार सादर केले. हे उघडपणे चालले आहे, म्हणून त्यास सोंग म्हणता येणार नाही. भीती निराळी आहे. कधीही न थकणाऱ्या गायकाची एकदा सवय लागली की थकणाऱ्या माणसाला आपण किती काळ सोसू?

२३/
गडाची आजची पडझड पाहून तो बांधणाऱ्याला आपण हसत नाही. कोणत्या काळात, कोणत्या साधनांनी तो उभा राहिला हे आधी विचारतो. गायकाच्या आवाजालाही हाच न्याय लावू. पुढच्या वेळी ती दोन चौकटींची चित्रफीत समोर आली, तर उजव्या चौकटीचा संपूर्ण कार्यक्रम शोधा आणि ऐका. पट्टी किती उतरली आहे, उंच स्वर कोणाकडे सोपवला आहे, कोणती ओळ श्रोते गात आहेत, हे टिपा. पन्नास वर्षे एकच गाणे सांभाळण्याची युक्ती तिथे दिसेल.

आणि उतारवयातल्या कोणत्या गायकाचा कोणता कार्यक्रम तुम्हाला ध्वनिमुद्रिकेपेक्षा अधिक भावला, तेही खाली लिहा. धागा समाप्त.